पट्ट्यावरचे मांजर : एका प्रश्नाचा आढावा

कुत्र्याला पट्टा बांधून फिरवायला नेले तर कुणी वळूनही पाहत नाही. तेच मांजराला नेले की सोसायटीच्या आवारातली मुले भोवती जमतात, बाकावरची मंडळी गप्पा थांबवतात आणि कुणीतरी विचारतेच, 'त्याला आवडतं का हो असं?' प्रश्न साधा आहे, पण त्याचे सरळ उत्तर अजून कुणाला देता आलेले नाही. पशुवैद्यक, प्राणिवर्तनाचे अभ्यासक, पक्षिप्रेमी, प्राणिकल्याण संस्था आणि काही नगरपालिका या सगळ्यांना आपापल्या वाटेने या प्रश्नापाशी यावे लागले आहे. मांजर घरात ठेवावे की मोकळे सोडावे, हा वाद जुना. त्यात पट्टा हा मधला मार्ग म्हणून पुढे आला आणि दोन्ही बाजूंची टीका त्याच्या वाट्याला आली.

हा वाद कुठून सुरू झाला, मांजर शिकते याविषयी काय माहीत आहे, पट्ट्याची सवय लावण्याच्या पद्धतीबाबत कितपत एकमत आहे, बाजूने आणि विरोधात काय म्हटले जाते आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, याचा हा आढावा आहे. इथे पट्टा म्हटले की छाती-पोटाभोवती बसणारा हार्नेस आणि त्याच्या पाठीवरच्या कडीत अडकवलेली दोरी, असा अर्थ घ्यावा. नुसत्या गळपट्ट्याला दोरी बांधून मांजर फिरवू नये, यावर सगळ्यांचेच एकमत आहे. झटका बसला की सगळा ताण मानेवर येतो.

धान्याच्या कोठारापासून फ्लॅटपर्यंत

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातले रानमांजर. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे ही रानमांजरे वस्तीच्या कडेला आली. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. इजिप्तमध्ये थीब्सच्या कबरींतल्या भित्तिचित्रांत खुर्चीखाली बसलेली मांजरे दिसतात, आणि त्यांतल्या काहींच्या गळ्यातली दोरी खुर्चीच्या पायाला बांधलेली आहे. म्हणजे मांजराला दोरी लावण्याची कल्पना साडेतीन हजार वर्षे तरी जुनी आहे.

तरीही मांजराचे काम उंदीर धरण्याचे, आणि ते काम बांधून ठेवलेल्या मांजराकडून होत नाही. त्यामुळे बहुतेक समाजांत मांजर मोकळेच राहिले. आपल्याकडे वाड्यांत, चाळींत आणि कोकणातल्या घरांत मांजर कुणा एकाचे नसे. एका घरी दूध, दुसऱ्या घरी माशाचे डोके, झोपायला तिसऱ्याच्या माळ्यावर, असा त्याचा दिवस जाई. बाळंतपणही ते स्वतःच्या मर्जीने जागा निवडून करी. त्याला फिरवायला नेण्याचा प्रश्नच नव्हता.

हे चित्र पालटायला काही गोष्टी कारणीभूत ठरल्या. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो या व्यापाऱ्याने मांजरांच्या शी-शूसाठी राखेऐवजी ओलावा शोषणारी माती वापरायला दिली. पुढे त्यातून लिटरचा मोठा धंदा उभा राहिला आणि मांजर कायम घरात ठेवणे सोपे झाले. नसबंदीची शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली, तयार खाद्य मिळू लागले, शहरांत माणसे उंच इमारतींत राहू लागली. पाहता पाहता अमेरिकेत घरातच राहणारे मांजर ही सर्वसामान्य गोष्ट झाली. ब्रिटनमध्ये मात्र मागच्या दाराला मांजरापुरती झडप बसवून त्याला येऊ-जाऊ द्यायची रीत टिकून राहिली. आजच्या वादातले अनेक मतभेद या दोन रिवाजांतून आले आहेत. अमेरिकी पशुवैद्यकाला बाहेर फिरणारे मांजर धोक्यात आहे असे वाटते, ब्रिटिश पशुवैद्यकाला कधीच बाहेर न पडणाऱ्या मांजराची काळजी वाटते.

पक्ष्यांचा प्रश्न आणि कायद्याचा हात

वादाला धार आली ती पक्ष्यांमुळे. अमेरिकन बर्ड कन्झर्व्हन्सी या संस्थेने १९९७ साली मांजरे घरात ठेवा, असे आवाहन करणारी मोहीम सुरू केली. २०१३ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात स्कॉट लॉस, टॉम विल आणि पीटर मारा यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरे दरवर्षी १.३ ते ४ अब्ज पक्षी आणि ६.३ ते २२.३ अब्ज सस्तन प्राणी मारतात, असा त्यांचा अंदाज होता. यातला मोठा वाटा मालक नसलेल्या मांजरांचा आहे, हेही त्यांनी नोंदवले. आकड्यांवर आक्षेप आले, पण त्यानंतर हा प्रश्न कुणाला बाजूला सारता आला नाही.

मग कायदे आले. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेऱ्यात, १ जुलै २०२२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक मांजराला मालकाच्या घर-आवारातच ठेवण्याचे बंधन आहे. त्याच वर्षी जर्मनीतल्या वॉलडॉर्फ गावाच्या दक्षिण भागात तुरेवाल्या चंडोलाची वीण चालू असेपर्यंत मांजरे बाहेर सोडायला बंदी झाली. जमिनीवर घरटे करणाऱ्या या पक्ष्याच्या तिथे अगदी थोड्या जोड्या उरल्या होत्या. दोन्ही ठिकाणच्या नियमांत पट्ट्यावरच्या मांजराला मात्र मुभा दिली गेली. त्यामुळे एरवी हौसेची म्हणून पाहिली जाणारी गोष्ट अचानक गरजेची झाली. दहा वर्षे मोकळे फिरलेले मांजर एका हुकुमाने घरात बंद करावे लागले, तर त्याला बाहेरची हवा देण्याचा पट्टा हाच मार्ग उरतो.

त्याआधीच्या दशकात लोकप्रियतेचाही एक प्रवाह वाहत होता. लंडनच्या रस्त्यांवर गिटार वाजवणाऱ्या जेम्स बोवेनबरोबर खांद्यावर बसून फिरणाऱ्या बॉब या बोक्यावरचे पुस्तक २०१२ साली आले, २०१६ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. २०१८ साली स्कॉटलंडच्या डीन निकलसनला जगभर सायकलवर निघाला असताना बॉस्नियात एक पिल्लू सापडले. 'नाला' या नावाने ते लाखो लोकांच्या ओळखीचे झाले. या गोष्टींनी माणसांना उत्साह दिला. मात्र अशी मांजरे स्वभावाने वेगळीच धीट असतात, हे त्या उत्साहात अनेकांच्या लक्षात आले नाही.

मांजर शिकते का?

मांजराला काही शिकवता येत नाही, हा समज जुना आणि चुकीचा आहे. बक्षिसाने शिकण्याचा नियम ज्या प्रयोगांतून पुढे आला, त्यांतले सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मांजरांवरच झाले होते. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक याने भुकेली मांजरे लाकडी पेटीत ठेवली. दोरीचा फास ओढला किंवा कळ दाबली की दार उघडे आणि बाहेर ठेवलेले खाणे मिळे. सुरुवातीला मांजर ओरबाडे, चावे, धडपडे आणि त्यातच कधीतरी फास ओढला जाई. पुढच्या प्रत्येक वेळी निरुपयोगी धडपड कमी होत गेली. ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती पुन्हा होते, हा त्याचा निष्कर्ष पुढच्या शतकभराच्या प्राणिप्रशिक्षणाचा पाया ठरला.

त्याच पायावर बी. एफ. स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी १९४० च्या दशकात प्राणी शिकवण्याचा व्यवसाय उभा केला, आणि कॅरेन प्रायरने 'टिक' असा आवाज करणारे क्लिकर घरोघरी पोहोचवले. नेमक्या क्षणी टिक, लगेच खाऊ, एवढीच ती युक्ती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निवाऱ्यातल्या १०० मांजरांना या पद्धतीने चार गोष्टी शिकवून पाहिल्या. नाकाने वस्तूला स्पर्श करणे बहुतेकांना जमले, पंजा उचलून टाळी देणे थोड्यांनाच जमले. मांजरे शिकतात, पण त्यांच्यात आपापसांत खूप फरक असतो, हे त्यातून दिसले. त्याच वर्षी क्रिस्टिन विटाले आणि सहकाऱ्यांनी मांजरांना खाऊ, खेळणे, वास आणि माणसाची सोबत यांतून निवड करू दिली. निम्म्याच्या आसपास मांजरांनी माणसाची सोबत पसंत केली.

आणखी एक गोष्ट पक्की आहे. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचे असताना ज्या माणसांशी, आवाजांशी आणि वस्तूंशी त्याची ओळख होते, त्यांची भीती पुढे कमी राहते. म्हणून लहानपणी हार्नेस घातलेल्या पिल्लाला तो लवकर पचतो. मोठ्या मांजराला शिकवता येत नाही असे नव्हे, फक्त वेळ जास्त द्यावा लागतो.

पद्धतीबाबत बरेचसे एकमत

बाजूने असणारे आणि साशंक असणारे एका गोष्टीवर सहज सहमत होतात. शिकवायचेच असेल तर कसे, यावर त्यांच्यात फारसा वाद नाही.

सुरुवात हार्नेसच्या मापापासून होते. मांजराच्या हसळीचे हाड इतर हाडांना जोडलेले नसते, स्नायूंत सुटे असते. त्यामुळे डोके जाईल तिथून बहुधा सारे अंग जाते. घाबरलेले मांजर पुढे पळण्याऐवजी मागे सरकते, पुढचे पाय गोळा करते आणि ढिल्या हार्नेसमधून क्षणात निसटते. पट्ट्याखाली एक-दोन बोटे जातील इतकाच सैलपणा ठेवायचा, हा नियम यासाठीच. जाकिटासारखा रुंद हार्नेस निसटायला अवघड, पण आपल्या उन्हाळ्यात गरम होतो. बारीक पट्ट्यांचा हलका असतो, पण त्याचे माप काटेकोर लागते. बटण दाबून लांब-आखूड होणारी दोरी टाळावी, असे बहुतेकजण सांगतात. तिचे जड हँडल हातातून सुटले, तर खडखडत मागे येणाऱ्या त्या वस्तूपासून मांजर जीव घेऊन पळते.

पुढचे काम सावकाशीचे. हार्नेस आधी काही दिवस जेवणाच्या ताटलीशेजारी नुसता पडू द्यायचा, म्हणजे त्याला घरचा वास लागतो. मग तो पाठीवर ठेवायचा, खाऊ द्यायचा, काढून घ्यायचा. मग बंद करायचा, पण क्षणभरच. हुकाचा 'खट्' आवाज अनेक मांजरांना दचकवतो. म्हणून तो आवाज आधी लांबून ऐकवून त्याच्याशी खाऊची सांगड घालतात.

पहिल्यांदा हार्नेस पुरता बसला की जे घडते, ते पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. मांजर चार पावले टाकते, मागचे पाय वाकवून जमिनीला घासत सरकते आणि एका कुशीवर धप्पकन आडवे होते. शेपटी तेवढी हलते. अंगाभोवती दाब आला की अनेक मांजरे अशी गळून जातात. ही नाटके नसतात, हट्टही नसतो. हसून उचलून उभे केले तर ते पुन्हा पडते. अनुभवी माणूस त्या वेळी काहीच करत नाही. वीतभर पुढे आवडीचा तुकडा ठेवतो किंवा पिसाची काडी हलवतो. मांजर मान लांब करते, मग एक पंजा, मग दुसरा, आणि आपण चालू शकतो हे त्याचे त्यालाच कळते. लगेच हार्नेस काढून त्या दिवसाचा धडा तिथेच थांबवायचा. मांजर आडवे पडून राहिले, खायलाही तयार झाले नाही, तर एक पायरी मागे जायचे.

घरात दोरीसह फिरणे जमले की बाहेर. इथेही जाणकार काही गोष्टी आवर्जून सांगतात. उंबरा मांजराला त्याच्या पायाने ओलांडू देऊ नये. पिंजऱ्यात किंवा पिशवीत घालून खाली न्यावे, नाहीतर दार उघडे दिसले की धूम ठोकायची सवय लागते. पिंजरा उघडा ठेवून शेजारी बसावे, म्हणजे परतायची जागा हाताशी राहते. वेळ शांत निवडावी. वाट मांजराने ठरवायची, माणसाने मागून जायचे. दोरी ओढायची नाही, ती फक्त हद्द दाखवण्यापुरती. कान मागे पडले, अंग जमिनीला चिकटले, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, तोंड उघडून धाप लागली, तर घरी परतायचे. या फिरण्यात अंतर कापले जात नाही. एका झाडाच्या बुंध्याशी वीस मिनिटे हुंगत बसणे, हीच मांजराची सफर.

बाजूने काय म्हटले जाते

पट्ट्याचे समर्थक पहिला मुद्दा मांडतात तो घरातल्या जीवनाच्या उणिवेचा. घरातले मांजर गाडीखाली येत नाही, मारामाऱ्यांत जखमी होत नाही, त्याला संसर्गही कमी होतात. पण करायला काही नसले की ते खाते आणि झोपते. वजन वाढते, कंटाळ्यातून आणि ताणातून दुखणी उद्भवतात. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी मूत्राशयाच्या वारंवार होणाऱ्या दाहावर दीर्घकाळ काम केले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असा त्रास असलेल्या, घरातच राहणाऱ्या ४६ मांजरांच्या भोवतालात बदल केले, तेव्हा लक्षणे लक्षणीयरीत्या कमी झाली. त्यात पट्ट्याचा प्रयोग नव्हता. पण भोवताल समृद्ध झाला की मांजराची तब्येत सुधारते, हा त्यातला धडा समर्थकांना आधार वाटतो. बाहेरचे वास, माती, गवत, पाखरांचे आवाज यांच्याइतके समृद्ध घरात काय देता येईल, असे ते विचारतात.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. ज्याला हार्नेसची सवय आहे, ते मांजर प्रवासात, दवाखान्यात, घर बदलताना सांभाळायला सोपे जाते. तिसरा मुद्दा पक्ष्यांचा. पट्ट्यावरचे मांजर क्वचितच शिकार करू शकते. आणि चौथा नात्याचा. रोज थोडा वेळ मांजराच्या चालीने चालणाऱ्या माणसाला आपल्या मांजराचे कान, शेपटी, डोळे वाचायला येऊ लागतात.

सावधगिरीचे म्हणणे

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. ब्रिटनच्या आरएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेने २०१७ साली मांजरांना पट्ट्यावर फिरवण्याबाबत लोकांना सावध केले. परिस्थितीवर आपला ताबा आहे, ही भावना मांजराच्या स्वास्थ्यासाठी फार महत्त्वाची असते, आणि दोरी नेमकी तीच काढून घेते, असा त्या इशाऱ्याचा गाभा होता.

यामागे मांजराची मूळ प्रकृती आहे. ते शिकारी आहे, तसेच मोठ्या प्राण्यांची शिकारही आहे. धोका दिसला की ते पळते, उंच चढते किंवा लपते. पट्ट्यावर यांतले काहीच धड जमत नाही, आणि मग ते सर्वांत उंच वस्तूवर, म्हणजे धरणाऱ्या माणसाच्या डोक्या-खांद्यावर, नखे रोवत चढते. अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन यांनी २०१३ साली मांजराच्या भोवतालाविषयी संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे दिली. सुरक्षित जागा, पाणी-अन्न-लिटर यांची वेगवेगळी सोय, शिकारीसारख्या खेळाची संधी, माणसाशी स्थिर आणि अंदाज करता येईल असा संबंध आणि वासाच्या जगाचा आदर, असे त्यांचे पाच खांब आहेत. साशंक मंडळी विचारतात की रोज वेगळ्या, परक्या मांजरांच्या वासाने भरलेल्या जागी नेलेल्या मांजराला यांतला पहिला आणि पाचवा खांब कुठून मिळणार?

याशिवाय आरोग्याचे धोके आहेत. मांजरांच्या पॅनल्युकोपेनियाचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, म्हणून लसीकरणाशिवाय बाहेर नेणे धोक्याचे. लिली मांजराच्या मूत्रपिंडांना घातक असते. कुत्र्यांच्या गोचिडांवरची, परमेथ्रिन असलेली औषधे मांजराला लावली तर त्याच्या जिवावर बेततात. आणि एकदा बाहेरची गोडी लागली की काही मांजरे पहाटे दाराशी बसून ओरडत राहतात. म्हणजे एक उणीव भरताना दुसरी निर्माण होते.

तिसरी वाट

काही अभ्यासकांच्या मते पट्टा हवा की नको, यावरच चर्चा अडकू नये, कारण मधले आणखी मार्ग आहेत. पाश्चात्य देशांत घराला जोडून जाळीदार अंगण बांधतात. आपल्याकडे जाळी बसवलेली गॅलरी हेच काम करते. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात बाहेर जाणाऱ्या मांजरांना जास्त मांसप्रथिने असलेले, धान्य नसलेले खाद्य दिले, तेव्हा त्यांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटे शिकारीसारखा खेळ घेतला, तेव्हा २५ टक्क्यांनी घटली. हा अभ्यास पक्ष्यांच्या रक्षणासाठी होता, पण घरात मांजर ठेवणाऱ्यालाही त्यातून काहीतरी मिळते. शिकारीची ऊर्मी दोरीशिवायही बरीच भागवता येते.

आपल्याकडची परिस्थिती

मुंबई-पुण्यात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. परदेशातल्या सल्ल्यांत बहुतेक वेळा मागच्या अंगणातली हिरवळ गृहीत धरलेली असते. इथे मांजराचे बाहेरचे जग म्हणजे लिफ्ट, जिना, पार्किंग आणि आवारातली चार झाडे. तिथे भटकी कुत्री असतात, आणि दोरीला बांधलेले मांजर त्यांच्यापुढे पूर्ण असहाय असते. मे-जूनमध्ये घरटी केलेले कावळे मांजर दिसताच ओरडून, झडप घालून त्याच्या मागे लागतात. दिवाळीतले फटाके आणि गणपतीतले ढोल वेगळेच. लोकप्रिय असलेल्या चपट्या नाकाच्या पर्शियन मांजरांना उष्मा सोसत नाही. त्यामुळे इथे फिरण्याची वेळ पहाटेची, आणि जागा बहुधा इमारतीची गच्ची.

दुसरीकडे घरात ठेवणेही आपोआप सुरक्षित ठरत नाही. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांवरचा १९८७ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, पण छाती आणि जबड्याच्या दुखापती पुष्कळ होत्या. मुंबईच्या टॉवरमध्ये उघड्या खिडकीतून कबुतरावर झेप घेणारे मांजर हा तोच धोका आहे. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर चावून तोडू शकते, हे अनेकांना उशिरा कळते.

कायदा या बाबतीत फारसा बोलत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या ११ व्या कलमात कोणत्याही प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड दोरी-साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे गुन्हा आहे. मात्र बांधून वा कोंडून ठेवलेल्या प्राण्याला पुरेसे फिरवले पाहिजे, ही अपेक्षा त्याच कलमात फक्त कुत्र्यासाठी केली आहे. मांजराच्या फिरण्याचा विचार कायदा झाला तेव्हा कुणाच्या मनातच नव्हता. पुणे महापालिकेने २०२२ साली पाळीव मांजरांच्या नोंदणीचा निर्णय घेतला. मांजर आता कुणाचे तरी आहे आणि त्याची जबाबदारी कुणावर तरी आहे, या बदलाची ती नोंद म्हणता येईल.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न पुराव्याचा. घरात की बाहेर यावर संशोधन पुष्कळ आहे. पट्ट्यावरच्या मांजरांचे दीर्घकालीन स्वास्थ्य तपासणारे काम तुलनेने फार थोडे आहे. त्यात एक अडचण अशी, की फिरायला जाणारी मांजरे मुळातच धीट असतात आणि त्यांचे मालक जास्त लक्ष देणारे असतात. ती सुखी दिसली तर श्रेय फिरण्याचे, स्वभावाचे की मालकाचे, हे वेगळे काढणे कठीण.

दुसरा प्रश्न ओळखण्याचा. शांत बसलेले मांजर निवांत आहे की भीतीने थिजले आहे, हे नवख्याला कळत नाही. समाजमाध्यमांवर कौतुक मिळवणाऱ्या अनेक चित्रफितींबद्दल तज्ज्ञांमध्येच मतभेद होतात.

तिसरा प्रश्न निवडीचा. बंगाल, अ‍ॅबिसिनियन यांसारख्या जाती पट्ट्याला लवकर रुळतात, असे पाळणारे सांगतात. पण जात महत्त्वाची की बालपण आणि स्वभाव, याचे उत्तर पक्के नाही. आपली देशी मांजरे यात कुठे बसतात, हे तर कुणी तपासलेलेच दिसत नाही.

चौथा प्रश्न पक्ष्यांचाच, पण नव्या बाजूने. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या अभ्यासकांनी कस्तुर कुळातल्या ब्लॅकबर्डच्या घरट्यांजवळ पेंढा भरलेले मांजर पंधरा मिनिटे ठेवून पाहिले. मांजर उचलून नेल्यानंतरही आई-बापांनी पिल्लांना चारा भरवण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले, आणि त्यांच्या आरडाओरड्यामुळे इतर शिकाऱ्यांना घरट्याचा पत्ता लागला. २०१३ सालच्या या निष्कर्षाचा अर्थ असा, की शिकार न करणारे मांजरही नुसत्या अस्तित्वाने नुकसान करू शकते. पट्ट्यावरच्या मांजराला विणीच्या काळात कुठे न्यावे, याची चर्चा अजून सुरूही झालेली नाही.

सारांश

सगळ्या बाजू एकत्र ठेवल्या, तर मतभेद वाटतात त्यापेक्षा कमी उरतात. पट्टा हे मांजराला चालवण्याचे साधन नाही, यावर दोन्ही बाजू सहमत आहेत. समर्थकांची उत्तम पद्धत आणि साशंकांचा मुख्य आक्षेप यांच्या मुळाशी एकच विचार आहे : ताबा मांजराकडे राहिला पाहिजे. हार्नेस पाहून पुढे येणाऱ्या मांजराला बाहेर न्यावे, पलंगाखाली जाणाऱ्याला नेऊ नये. घरी परतायची वेळ त्याने ठरवावी. ज्याला हे मान्य आहे, त्याच्या हातात पट्टा बहुधा सुरक्षित आहे. फोटोसाठी किंवा हौसेसाठी ज्याला मांजर बाहेर हवे आहे, त्याने उंच फळ्या, जाळीची गॅलरी आणि रोजचा खेळ यांवर तेवढेच श्रम घ्यावेत. मांजराचे त्यात जास्त भले आहे.

उरलेली उत्तरे निरीक्षणातूनच मिळतील, आणि ती आपल्या परिस्थितीतली हवीत. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था, शहरातले दवाखाने आणि मांजर पाळणारी कुटुंबे यांनी मिळून फ्लॅटमधल्या शे-दोनशे देशी मांजरांची वर्षभराची नोंद ठेवली, काहींना गच्चीवर पट्ट्याने फिरवून, काहींना घरातच खेळवून, तरी पुष्कळ कळेल. वजन, लघवीचे त्रास, दाराशी ओरडणे, लपून बसणे यांच्या साध्या नोंदी कुणालाही ठेवता येतात. तोवर आवारात विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच आहे : काही मांजरांना आवडते, काहींना आवडत नाही, आणि आपले मांजर कशात मोडते हे त्याच्या अंगाकडे रोज नीट पाहूनच कळते.